वसंताक्काचा टाळ चुकला तो दिवस

या, असे जवळ सरका. पंखा बंद करा, कान झाकून घ्या, हातात गरम पेला असेल तर असू द्या. कीर्तनाला बसल्यासारखे बसा. फक्त आज आख्यान ध्रुवाचे नाही की सुदाम्याचे नाही. कुंभकोणमच्या एका गल्लीतल्या चार म्हाताऱ्या माणसांची गोष्ट सांगायची आहे. त्यांच्या सर्दीपडशाची, आणि तोंडातच अर्ध्यावर तुटलेल्या एका नामाची. देवाची कथा नाही म्हणून उठू नका. तो त्यात कुठे उभा होता, ते तुमचे तुम्हाला दिसेल.

आता नाशिककडचे लोक हसतील. म्हणतील, कावेरीकाठी कसली आली आहे थंडी! खरे आहे, पाणी गोठत नाही आमचे. पण मार्गळी महिना लागला, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, की पहाटेला शेतांवरून धुके उठते. इथे त्याला पनी म्हणतात. ही पनी डोक्यावर पडली की सात दिवस नाक वाहते, पंधरा दिवस खोकला, आणि छातीत उतरली तर देवच राखो. म्हणून त्या महिन्यात कुंभकोणममधला प्रत्येक पुरुष माकडटोपी घालतो. खाली धोतर, त्याखाली अनवाणी पाय, आणि वर कपाळावरचा गंधाचा टिळा टोपीच्या भोकातून डोकावणारा.

व्यासण्णांचीही तशी एक तपकिरी टोपी होती. व्यासराज त्यांचे नाव, वय एकाहत्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे येऊन राहिलेल्या घरांपैकी त्यांचे एक. घरात आपली जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मार्गळीच्या तीसही पहाटे गल्लीतून भजन काढायचे, हे काम वडिलांकडून त्यांच्याकडे आले होते. एके काळी पन्नास माणसे असत. आता चार उरली. गाणारे व्यासण्णा. ढोलकी वाजवणारा चंद्रमौली, वीजमंडळातला जुना नोकर, ज्याला सगळे मौली म्हणत. हातात दिवा धरणारी अलमेलु, समोरच्या घरातली तमिळ बाई. चाळीस वर्षे ऐकून ऐकून मराठी शिकलेली, आणि त्या मराठीत कुणाचीही भीडभाड न ठेवणारी. चौथी वसंताक्का, टाळ वाजवणारी.

वसंताक्का सहासष्ट वर्षांची, एकटी राहणारी. मुलगी दिव्यश्री बेंगळुरूला. व्यासण्णांना सख्खी बहीण नव्हती. दर भाऊबीजेला ओवाळायला हीच. तीस वर्षांत तिचा टाळ एकदाही चुकला नव्हता. चुकायचे ते व्यासण्णाच. रंगात आले की लय पळवायचे, आणि मग ती गाणे चालू असतानाच टाळाच्या कडेने त्यांच्या कोपराला टोचायची.

त्या गल्लीत भजनाचे दोन नियम होते. पहिला असा, की उचललेले नाम मध्ये टाकायचे नाही. ते गल्लीच्या टोकाला, विठोबाच्या छोट्या देवळाच्या पायरीवरच ठेवायचे. एका वर्षी व्यासण्णांच्या वडिलांना वाटेत विंचू चावला होता. लंगडत गेले, पण नाम सोडले नाही. दुसरा नियम दयाळू होता. जो आजारी असेल त्याने बाहेर यायचे नाही. भजन दारावरून जाताना घरातूनच टाळ धरायचा. तेवढ्याने त्या दिवसाची हजेरी लागायची. याला खिडकीची साथ म्हणत.

मार्गळीच्या अठराव्या दिवशी वसंताक्काला पडसे झाले. विसाव्या दिवशी ते छातीत उतरले. डॉक्टरांनी औषध दिले आणि पहाटे बाहेर पडू नका म्हणून सांगितले. फोनवर दिव्यश्री रडकुंडीला आली. "मामा, मला रजा मिळेना. आई कोणाचें ऐकत नाहीं. तुम्हीच पाहा."

"तूं काळजी करूं नको, पोरी," व्यासण्णा म्हणाले. "तुझी आई माझ्या जबाबदारीवर."

हे वाक्य त्यांनी एकदा बोलून टाकले, आणि मग दिवसभर ते त्यांच्या डोक्यात घुमत राहिले. माणसाने जबाबदारी घेतली की काहीतरी करावेसे वाटते. नुसते बसवत नाही.

करायला तर सगळेच सरसावले होते. अलमेलु दिवसातून तीनदा कशाय आणायची, सुंठ, मिरी, पिंपळी आणि तुळस उकळून, घशातून उतरताना अश्रू काढणारे. मौलीने पट्टीश्वरम्‌हून पडशावर उतारा म्हणून कसले तरी पान आणले आणि ते चघळायचे की लावायचे हे विचारायचेच विसरला. शेवटी दोन्ही केले.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी व्यासण्णा आपल्या आईची शेगडी घेऊन आले. जवळच्या नाचियार्कोविल गावच्या कारागिरांनी ओतलेली, जड पितळेची, तीन सिंहपाय असलेली. आई असताना न्हाल्यावर केस तिच्यावरच्या सांब्राणी धुपात वाळवायची. व्यासण्णांनी ती चिंचेने घासून लखलखीत केली होती. सोबत करवंट्यांचा कोळसा, धूप आणि ओवा.

"हें बघ वसंते," ते म्हणाले, "पहाटे चारला उठतेस ना? उठल्याबरोबर पेटव. भजन येईपर्यंत छाती कशी मोकळी होते तें पाहा. आणि खिडकीच्या फटी मी बुजवून देतों. पनीचा एक थेंब आंत यायला नको."

त्यांनी खरोखरच जुनी धोतरे फाडून खिडकीच्या, दाराच्या, अगदी कौलाखालच्या झरोक्याच्याही फटीत कोंबली. गणिताच्या माणसाचे काम. एक फट सुटली नाही.

अलमेलु कमरेवर हात ठेवून पाहत होती. "अण्णा, ती माणूस आहे कीं इडली? वाफवायला ठेवतां कीं काय?"

"तुला काय कळतें? आमच्या आईनें जन्मभर हेंच केलें."

"तुमची आई अंगणांत बसायची. मी बघितलेंय. डोक्यावर आभाळ होतें तिच्या. श्वास घ्यायला जागा ठेवा थोडी."

"अलमेलु, कशाय तुझें, शेगडी माझी," व्यासण्णा म्हणाले. "एकमेकांच्या खात्यांत नाक खुपसायचें नाहीं."

वसंताक्का खोकत खोकत हसली. "दोघांचीं नाकें धड आहेत तेंच बघा. माझें तर केव्हांचें बंद."

तेविसाव्या पहाटे एवढी पनी पडली की अलमेलुच्या हातातला दिवा तिला स्वतःलाच नीट दिसेना. साडेपाचला तिघे निघाले. मौलीची बोटे आखडली होती, ढोलकीचे कातडे दमट होऊन धप्प वाजत होते. व्यासण्णांनी टोपीतून नाम उचलले. "गोविंद, गोविंद..."

पडसे झाल्यापासून रोज असे व्हायचे की भजन चार घरे अलीकडे असतानाच वसंताक्काचा टाळ खिडकीतून पुढे यायचा, जणू अंगणात येऊन हात धरून नेणारा. त्या दिवशी तिच्या दारापाशी पोचले तरी टाळ नव्हता. मग आला. किण्. किण्. मग एक रिकामी जागा. मग पुन्हा किण्, पण भलत्याच ठिकाणी, समेच्या अलीकडे.

मौलीने मान हलवली, औषधाच्या गुंगीत आहे बिचारी, अशा अर्थाने, आणि पुढे चालू लागला. व्यासण्णाही चालले. गात गात ते दारावरून चार पावले पुढे गेले.

आणि त्या चार पावलांत त्यांचे कान मागेच राहिले. झोपेत असली तरी तिचा टाळ चुकत नाही. नवरा गेला त्या वर्षीही चुकला नव्हता. तापात बरळतानासुद्धा ही बाई मांडीवर बोटांनी ताल धरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मग आज?

एवढ्यात आत फरशीवर पितळ पडल्याचा आवाज झाला. टाळाची एक वाटी गोल गोल फिरत गेली, आणि थांबली.

देवळात पुजारी आरती लावून थांबला होता. तोंडात नाम होते, वडिलांचे, आजोबांचे, कधी न तुटलेले. व्यासण्णा "गोवि" एवढे म्हणाले आणि गप्प झाले.

मौली दचकून वळला. "अण्णा, अरे, नाम!"

"किल्ली!" व्यासण्णा ओरडले. "अलमेलु, किल्ली!"

किल्ली अलमेलुच्या कमरेला असायची, पहाटेचे दूध आत ठेवायला. वसंताक्का त्यासाठीच आतून कडी लावत नसे. दार ढकलताना खाली कोंबलेले धोतर अडकले, ते मौलीने पायाने रेटले. आत ऊब होती, ओव्याचा आणि धुपाचा छान वास होता, आणि कोपऱ्यात शेगडी देवघरातल्या समईसारखी शांत लाल पेटलेली होती. वसंताक्का भिंतीला टेकून कलंडली होती. डोळे अर्धे उघडे, गाल लालसर. ओठ हलले. "डोकें... फार जड झालें, अण्णा."

आणि मी तुम्हाला खरे सांगतो, व्यासण्णांनी पहिली गोष्ट कोणती केली? मागे वळून दार लावायला गेले. पनी आत येईल म्हणून! सत्तर वर्षांची सवय ती.

"उघडें ठेवा!" अलमेलु अशी ओरडली की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. "येऊं दे पनी! सगळीच्या सगळी आंत येऊं दे!" दिवा तिथेच ठेवून तिने खिडकीतली धोतरे ओरबाडून काढली. मौलीने आपले उपरणे हाताला गुंडाळून शेगडी अंगणात नेली. मग तिघांनी मिळून वसंताक्काला उचलून बाहेर ओट्यावर आणले, त्याच पनीत, जिच्यापासून तिला वाचवायचे होते. अलमेलु तिला मांडीवर घेऊन बसली. "श्वास घे गं. मोठा घे. आणखी एक. माझ्या घरचें कशाय प्यायला मागशील ना, तेव्हां सोडीन तुला."

थोड्या वेळाने वसंताक्काला उलटी झाली. मग ती रडली. मग विचारले, "भजन कुठें आहे?"

तेवढ्यात मौलीने फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका आली.

दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, स्वतःच सर्दीने शिंकणारी. तिने सगळे ऐकून घेतले आणि तमिळमध्ये विचारले, "बंद खोलीत कोळसा कोणी पेटवायला सांगितला?"

"मी," व्यासण्णा म्हणाले.

"आजोबा, त्या कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. खोकलासुद्धा येत नाही. माणसाला नुसती झोप येते. आणखी अर्धा तास गेला असता तर मी तुमच्याशी बोलत नसते, पोलिसांशी बोलत असते." मग त्यांचा चेहरा पाहून ती थोडी नरमली. "वेळेवर आणलंत. उद्या घरी न्या. खिडकी उघडी ठेवा आणि कोमट पाणी द्या. सर्दी काय, जाईल आपोआप."

व्यासण्णा बाहेर येऊन बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. दिव्यश्रीला फोन लावला आणि शेगडी, कोळसा, धोतरे, सगळे सांगून टाकले. काही लपवले नाही. "माझ्या जबाबदारीवर म्हणालों होतों," ते म्हणाले.

मग दिव्यश्री म्हणाली, "मामा, टाळ चुकला म्हणून तुम्ही थांबलांत. दुसरा कोणी थांबला नसता. मी संध्याकाळच्या गाडीला बसतें. तुम्ही आधीं कांहीं खाऊन घ्या."

दुपारी वसंताक्काला भेटू दिले. नाकाशी नळी होती, तरी भुवई चढलेली होती. "अण्णा, खरें सांग. नाम मध्येंच टाकलेंस?"

"टाकलें."

"कुठें?"

"तुझ्या दाराशीं. 'गोवि' म्हटलें आणि राहिलें."

"माझ्यापायीं विठोबा सकाळपासून अर्ध्या नामावर ताटकळला आहे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "काय म्हणेल तो?"

खाटेच्या पायथ्याशी अलमेलु संत्रे सोलत होती. तिने मानही वर केली नाही. "काय म्हणणार? अठ्ठावीस युगें उभा आहे म्हणतां ना तुम्ही? एक दिवस आणखी उभा राहील. ही फोड खा."

चोविसाव्या पहाटे भजन निघाले नाही. पंचविसाव्या दिवशी निघाले, पण व्यासण्णांच्या घरापासून नाही. वसंताक्काच्या ओट्यापासून. ती खिडकीत बसली होती, शालीत गुंडाळलेली, पाठीला दिव्यश्री टेकू देऊन. खिडकीची दोन्ही दारे सताड उघडी होती. व्यासण्णा त्या चार पावलांपुढच्या जागी जाऊन उभे राहिले. टोपी काढली. घसा त्यांचाही बसला होता. मौली शिंकत होता. अलमेलु एका हाताने दिवा धरून दुसऱ्याने नाक पुसत होती. व्यासण्णांनी डोळे मिटले आणि परवा जिथे सोडले होते तिथूनच उचलले.

"...न्द," ते गायले.

आणि खिडकीतून टाळ आला. किण्, बरोबर समेवर.

ती शेगडी आता अंगणात तुळशीपाशी उघड्यावर असते. व्यासण्णा तिच्यात चिमण्यांना पाणी घालतात. चहाला गेलात तर तुम्हालाही दाखवतील, आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतील.

तर माझे एवढेच मागणे आहे. थंडी वाजली की दारे लावाल, फटी बुजवाल, आतल्या आजारी माणसासाठी काहीतरी पेटवाल. तेव्हा हात जरा थांबवा, एक खिडकी उघडी ठेवा, आणि आमच्या अलमेलुची आठवण काढा. जिचे कोणी ऐकले नाही, आणि तरी जिच्या कमरेला किल्ली होती.