तुंगम्मा टीचरांचा जमखाना

मित्रांनो, मी जमखाना आहे. जाड, सुती, बारा हात लांब, जमिनीवर अंथरायचा. माझा तांबडा रंग आता विटून विटेच्या भुकटीसारखा झाला आहे आणि एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेले भोक आहे. पण एके काळी माझ्यावर बत्तीस मुले एकदम डोळे मिटून बसत, आणि तेवढा वेळ रस्त्यावरून जाणारी माणसेसुद्धा हळू बोलत. त्या दिवसांची गोष्ट तुम्हाला सांगावी असे फार वर्षे मनात आहे.

माझा जन्म हुबळीजवळच्या नवलगुंद गावचा. हुसेनबी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने आणि तिच्या सुनेने मला उभ्या मागावर विणले. मधोमध सोंगट्यांचा पट, त्याच्या चारी बाजूंना मोर, आणि उरलेल्या अंगावर तांबडे, पिवळे, हिरवे पट्टे. सुनेचा हात घाईचा होता. एकदा तिने चार बोटे वीण सैल सोडली, तेव्हा हुसेनबीने न रागावता ती सगळी उसवली. "यावर माणसं बसणार आहेत, बेटा. आपल्याला दिसणार नाहीत, म्हणून काय झालं?" एवढेच ती म्हणाली. मग लोखंडी पंजाने ठोकून ठोकून पुन्हा सूत बसवले.

हुबळीच्या रेल्वेत कारकून असलेल्या एका गृहस्थांनी मला विकत घेतले आणि निवृत्त झाल्यावर ते मला म्हैसूरला घेऊन आले. ते रोज पहाटे माझ्यावर योगासने करीत. त्यांची मुलगी तुंगम्मा. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता, म्हणून वडिलांनी सहाव्या वर्षापासून तिला श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा ते शिकवले. दमा गेला, योग राहिला. तुंगम्मा विशीत आली तेव्हा तिच्यासारखी अवघड आसने त्या गावात फारच थोड्यांना जमत असतील. पण मुलीने चार लोकांपुढे असले काही करायचे नाही, असे वडिलांचे मत होते. ती करायची, मी बघायचो. आणखी कुणी नाही.

वडील गेले. तुंगम्मा सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. मग एक दिवस तिने मला गुंडाळून खांद्यावर घेतले आणि मोहल्ल्यातल्या राममंदिरात नेऊन अंथरले. मंदिर म्हणजे एक लांबट दालन आणि एका टोकाला रामाची तसबीर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सात मुले आली. वर्षभरात ती बत्तीस झाली.

मित्रांनो, तुंगम्मा टीचरांची शिकवण्याची रीत वेगळी होती. प्रत्येक मुलाला माझा एक पट्टा नेमून दिलेला. शेजारच्या पट्ट्यावर पाय टाकायचा नाही. ही अस्तेयाची, म्हणजे दुसऱ्याचे न घेण्याची, पहिली पायरी. शेवटी ओल्या नारळाचा कीस घातलेले भिजवलेले मूग मिळत. एका तळहातावर मावतील तेवढेच घ्यायचे. हा झाला अपरिग्रह. अहिंसा कुठून सुरू करायची? आपल्या गुडघ्यापासून. "दुखलं की थांबायचं," हे वाक्य मुले रोज पाढ्यासारखे म्हणत.

सत्याचा धडा सगळ्यांत गमतीचा असे. डोळे मिटून बसणे संपले की टीचर विचारीत, "मध्येच डोळे कुणी उघडले?" आधी एक हात वर होई, मग पाच, मग पंधरा. शेवटी टीचरही हात वर करीत. "मीपण उघडले. तुम्ही उघडता का ते बघायला." मुले पोट धरून हसत.

सातव्या पट्ट्यावर पुट्टस्वामी नावाचा एक गोलमटोल मुलगा बसे. शवासनात त्याला हटकून झोप लागे. एकदा शेजाऱ्याने ढोसून उठवले तर टीचरांकडे तक्रार घेऊन गेला. "टीचर, मी बरोब्बर मेलो होतो. यानंच मला जिवंत केलं."

वर्गाच्या नवव्या वर्षी नागरत्ना आली. केंपय्या टांगेवाल्याची ही मुलगी. तिची आई मोगऱ्याचे गजरे करी, त्यामुळे नागरत्ना माझ्यावर टेकली की तासभर मला वास येत राही. शाळेत ती गणितात नापास होई आणि मागच्या बाकावर गप्प बसे. पण इथे तिने पहिल्याच दिवशी मागे वाकून आपल्या टाचा धरल्या आणि एकतीस मुले आपापली आसने सोडून तिच्याकडे बघत राहिली. असे कुणी आपल्याकडे बघते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले असावे.

त्या वर्षी श्रावणात मंदिराच्या समितीचे अध्यक्ष श्रीकंठय्या वर्गात आले. दसऱ्याच्या उत्सवात मोहल्ल्यातर्फे मुलांच्या योगासनांचा कार्यक्रम करायचा, असे त्यांनी ठरवून टाकले होते. शेवटी एका मुलाने गंडभेरुंडासन करावे, म्हणजे सगळे म्हैसूर बघत राहील, असे ते म्हणाले. गंडभेरुंड हा आमच्या राजांच्या चिन्हातला दोन डोक्यांचा पक्षी. त्याच्या नावाच्या आसनात हनुवटी आणि छाती जमिनीवर टेकवून पाय पाठीवरून, डोक्यावरून पुढे आणतात आणि पावले गालांशी टेकवतात. मोठ्या माणसांनाही वर्षानुवर्षे साधत नाही असे ते आसन.

तुंगम्मांनी सरळ नाही म्हटले. "ही मुलं दाखवायला नाहीत, श्रीकंठय्या. शिकतायत अजून."

श्रीकंठय्या जायला निघाले आणि दारात वळून म्हणाले, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला एवढं शिकवलं, टीचर. काय उपयोग झाला? कोणी पाहिलं?"

त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण मुले गेल्यावर तुंगम्मा कितीतरी वेळ माझ्यावर बसून राहिल्या. मग त्यांनी दार लोटले, आणि फार वर्षांनी स्वतः ते आसन करून पाहिले. अर्ध्यावरच त्यांची पाठ अडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रीकंठय्यांना होकार कळवला.

त्यानंतर वर्ग बदलला. मांजर, बेडूक, झाड ही आसने मागे पडली आणि एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे सुरू झाले. मूग भिजवायचे राहून जाऊ लागले. इतर मुले गेली की नागरत्ना मागे थांबे आणि टीचर तिला वाकवीत. मुलगी तर हौसेने वाकत होती. पण मी खालून तिचा घाम ओळखत होतो. आधीचा घाम खेळून आलेल्या मुलाचा असे. हा गार होता.

"टीचर, कमरेत चमक येतेय," ती एकदा म्हणाली.

"एवढंसंच आणखी," तुंगम्मा म्हणाल्या. "श्वास सोड. येतंय, बघ."

पुन्हा ती तसे म्हणाली नाही.

दसरा सहा दिवसांवर आला असताना एका सकाळी तिची पावले खरोखर गालांना टेकली. तुंगम्मांनी आनंदाने टाळी वाजवली. "अशीच राहा, मी दहा मोजते," त्या म्हणाल्या. सात म्हणेपर्यंत मुलगी बाजूला कलंडली आणि तिला उठता येईना. ती रडलीसुद्धा नाही. माझा काठ मुठीत आवळून पडून राहिली.

केंपय्या टांगा घेऊन धावत आला. काय झाले म्हणून त्याने विचारले, तेव्हा नागरत्नाने टीचरांकडे एकदा बघितले आणि ती म्हणाली, "अप्पा, पायरीवरून घसरले." गडबड ऐकून आलेल्या श्रीकंठय्यांनी लगेच पायऱ्यांवर शेवाळ फार झाले आहे, घासून घ्यायला हवे, असे म्हटले. तुंगम्मा खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडले होते, पण त्या बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी तीन महिने अंथरुणातून हलायचे नाही, असे सांगितले.

दोन दिवस वर्ग नेहमीसारखा भरला. तिसऱ्या दिवशी ध्यान संपल्यावर टीचरांनी विचारले, "डोळे कुणी उघडले?" एकही हात वर गेला नाही. मुले खाली माझ्या पट्ट्यांकडे बघत बसली. पायरीची गोष्ट खोटी आहे, हे त्यांना ठाऊक होते. उद्या येताना घरातले मोठे माणूस घेऊन या, असे सांगून तुंगम्मांनी वर्ग सोडला.

दुसऱ्या सकाळी मंदिर भरले. केंपय्याही आला होता. तुंगम्मा उभ्या राहून म्हणाल्या, "नागरत्ना पायरीवरून पडली नाही. मी तिला वाकवत होते. दुखतंय असं ती मला म्हणाली होती. मी ऐकलं नाही. मनातल्या मंचावर मला ती दिसत नव्हती, मी स्वतः दिसत होते. आणि मला वाचवायला ती खोटं बोलली, तर मी तेही बोलू दिलं."

केंपय्या पुढे आला. हातातला टॉवेल त्याने झटकून खांद्यावर टाकला.

"अम्मा, घोड्याचा पाय सुजला तर मी त्याला टांग्याला जुंपत नाही," तो म्हणाला. "आणि त्याला तर बोलताही येत नाही."

एवढे बोलून तो निघून गेला. त्याच्या मागोमाग बरेच पालक मुलांचे हात धरून गेले. कार्यक्रम रद्द झाला. त्या दसऱ्याला गावभर रोषणाई होती आणि मी मंदिरात जवळजवळ मोकळा पसरलो होतो. पाच मुले उरली होती. वर्ग बंद करावा का, असे तुंगम्मांनी त्यांनाच विचारले. मग पुट्टस्वामीने विचारले, "सातवा पट्टा अजून माझाच ना, टीचर?" बंद करण्याचा विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवसापासून मूग पुन्हा भिजू लागले.

पुढचे मी प्रत्यक्ष पाहिले नाही. नागरत्नाने मोठेपणी माझ्यावर बसून एकदा मुलांना सांगितले, म्हणून मला ठाऊक. शाळा सुटली की तुंगम्मा रोज केंपय्याच्या दाराशी जात. तो आत घेत नसे. मग त्या घोड्याच्या तबेल्याजवळच्या दगडावर अर्धा तास बसत आणि परत जात. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी नागरत्नाच्या आईने ताकाचा पेला बाहेर आणून दिला आणि म्हणाली, "ती तुमची वाट बघते. या आत." केंपय्या घोड्याला खरारा करीत होता. त्याने मान वर केली नाही, पण अडवलेही नाही.

नागरत्ना रुसली होती. दुखण्यावरून नव्हे. "तुम्ही का सांगितलंत सगळ्यांना?" ती म्हणाली. "मी सांभाळून घेतलं होतं की."

"म्हणूनच सांगितलं," तुंगम्मा म्हणाल्या. "नऊ वर्षांच्या पोरीनं टीचरला सांभाळायचं नसतं गं."

तेव्हा कुठे ती रडली. मग टीचरांनी तिच्या पोटावर एक गजरा ठेवला आणि श्वासाबरोबर तो वर कसा जातो, खाली कसा येतो ते नुसते बघायला सांगितले. तीन महिने तिचा तेवढाच योग चालला होता.

संक्रांतीनंतर केंपय्या तिला उचलून घेऊन आला आणि त्याने तिला तिच्या पट्ट्यावर ठेवले. स्वतः मागे, चपलांजवळ बसला. टीचरांवर त्याचा विश्वास अजून बसला नव्हता. महिनाभर तो रोज आला आणि राखणदारासारखा बसून राहिला. एके दिवशी बसून बसून कंटाळला आणि त्याने मुलांसारखे पद्मासन घालून पाहिले. पाय अडकले ते सुटेनात. चार मुलांनी ओढून ते सोडवले. "यापेक्षा माझा घोडा बरा," तो म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर तुंगम्माही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून तो दारापर्यंत सोडायला येई आणि परत जाई.

मित्रांनो, त्यानंतरची वीस वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. मुले हळूहळू पुन्हा वाढली. पाहुणे आले, वर्तमानपत्रवाले आले, माझ्या मोरांचेही कौतुक झाले. पण टीचरांनी मुलांना पुन्हा कधी मंचावर नेले नाही. त्यांचे केस पिकले. मग त्यांना खाली बसवेना, तेव्हा खुर्चीवर बसून त्या नुसत्या हातांनी दाखवीत. एका पावसाळ्यात त्यांना भाच्याने बेंगळुरूला नेले. जाताना त्या वाकल्या आणि त्यांनी माझी एक सुरकुती सरळ केली. त्या परत आल्या नाहीत.

मला गुंडाळून मागच्या खोलीत ठेवले, रामनवमीच्या मांडवाच्या बांबूंशेजारी. किती वर्षे, ते मला मोजता आले नाही. ओल आली, उंदीर आले. बाहेर पुन्हा योगाचे वर्ग सुरू झाल्याचे आवाज येत. आता प्रत्येक मुलाची आपली रबरी चटई होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याही कुणाच्या तरी अंगाखालीच असतात. पण टाळ्या आणि "पुन्हा कर, फोटो नीट नाही आला," हे ऐकू आले की मला माझा तो मुठीत आवळलेला काठ आठवे.

शेवटी एका साफसफाईत त्यांनी मला मोडक्या खुर्च्यांबरोबर रस्त्यावर टाकले. तिथून सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका कामावर चालली होती. ती चार पावले पुढे गेली आणि परत फिरली. पन्नाशीची झाली होती, तरी वासावरून मी तिला ओळखले. नागरत्नाने मला रिक्षात घातले, घरी नेऊन रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि गच्चीवर तीन दिवस वाळवले. थंडीत तिची कंबर अजून दुखते. मला उचलताना ती आधी गुडघे वाकवते.

आता रविवारी सकाळी आसपासची सहा-सात मुले माझ्यावर येतात. मागच्या रविवारी एक नवी मुलगी आली. ती माझ्या मधल्या पटावर ताठ उभी राहिली आणि तिने विचारले, "आंटी, मी काय करून दाखवू?"

"काही नाही," नागरत्ना म्हणाली. "ये, बस."

मुलगी थोडी गोंधळली आणि बसली. थोड्या वेळाने तिचे खांदे सैल झाले. तिचे सगळे वजन माझ्यावर आले. किती हलके होते ते!

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादा जुना जमखाना गुंडाळून पडला असेल. तो खाली काढा, त्याला ऊन दाखवा, भोक असेल तर ठिगळ लावा. आम्ही बरीच वर्षे टिकतो. मग त्यावर घरातल्या लहान मुलाला बसवा आणि शेजारी तुम्हीही बसा. त्याला काही करून दाखवायला मात्र सांगू नका.