तूबा खानमने घेतलेली चाचणी

दोन आठवड्यांत कानाची पाच मशिनं परत आली. डॉक्टर सोतूदेंनी पाचही तपासणीच्या पेटीत घालून पाहिली. एकातही दोष सापडला नाही.

"मशिनं ठणठणीत आहेत, गिऱ्हाइकं बिथरलीत," गुरुवारी सकाळी ते बर्झीनला म्हणाले. "हे बघ, माझं तुझ्याशी काही वाकडं नाही. कोर्टाला द्यायचं पत्रसुद्धा मीच लिहिलं होतं. पण ही म्हातारी माणसं आहेत. तू शनिवारपासून मागच्या खोलीत बस, कानाचे साचे कर. तुझ्यासारखा साचा अख्ख्या काशान शहरात कुणाला जमत नाही."

"आणि गिऱ्हाइकं?"

"ती मी बघेन."

बर्झीनने मान हलवली. साचे त्याला आवडत. पण नऊ वर्षं तो या कानाच्या दवाखान्यात टिकला होता तो गिऱ्हाइकांसमोरच्या खुर्चीमुळे. माणूस मशीन लावतो, आधी स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकून दचकतो आणि मग हसतो, ते पाहायला मिळायचं म्हणून.

या नऊ वर्षांत गिऱ्हाइकं त्याला 'नतंझी बाई' म्हणत आली होती. मग औषधं सुरू झाली, आवाज उतरू लागला. शस्त्रक्रियेसाठी चार महिन्यांची रजा झाली आणि वीस दिवसांपूर्वी नवी ओळखपुस्तिका घेऊन तो कामावर परतला. बर्झीन नतंझी, पुरुष. त्या पुस्तिकेसाठी तो वैद्यकीय मंडळापुढे आणि न्यायाधीशापुढे ताठ मानेने उभा राहिला होता. या म्हाताऱ्यांपुढे मात्र त्याची छाती झाली नाही. त्यांना एकदम धक्का नको, असं त्याने स्वतःला समजावलं. दाढीचे खुंट दिसू नयेत म्हणून तो मास्क लावी आणि गळा आवळून जुना बारीक आवाज काढी.

अकराच्या सुमाराला तूबा खानम आल्या. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं त्या गालिच्याच्या कारखान्यात नक्षा सांगत असत. त्या मोठ्याने रंग आणि गाठी म्हणायच्या आणि बारा बायका त्या आवाजावर विणायच्या. सोबत सून मोनीर होती.

"मशीन मेलंय," खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी जाहीर केलं. "पुरून टाका आता."

"काय त्रास होतोय, तूबा खानम?" बर्झीनने मास्कआडून विचारलं.

"काय?"

"म्हटलं, त्रास काय होतोय?"

"मोनीर, यांनी चिमणी ठेवलीय का कामाला? नुसती चिवचिव ऐकू येतेय."

मोनीर बर्झीनकडे झुकली. "त्यांना काही सांगितलेलं नाही. बाजारात सगळ्यांना ठाऊक झालंय, पण या वयात कशाला डोक्याला ताप? शिवाय आता तुमच्यासमोर त्या डोक्यावरचा रुमाल कसा सारणार? डॉक्टरांना बोलवा."

"डॉक्टरही पुरुषच आहेत."

"ते डॉक्टर आहेत."

तेवढ्यात तूबा खानमना दारात सोतूदे दिसले. "डॉक्टर! तुमची ती मुलगी कुठाय, नतंझींची? तिचं बोलणं मला कळायचं. तिला बोलवा, नाहीतर हे मशीन तुम्हीच कानात घालून फिरा."

सोतूदेंनी बर्झीनला खुणेनेच बाजूला हो म्हटलं. बर्झीन उठला आणि उठता उठता थबकला.

तिचं बोलणं मला कळायचं.

ज्याला कमी ऐकू येतं तो निम्मं डोळ्यांनी ऐकतो, समोरच्याच्या ओठांवरून. आणि म्हाताऱ्या कानातून आधी बारीक आवाज जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. ही पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली गोष्ट. नऊ वर्षं तो लोकांच्या मुलासुनांना हेच बजावत आला होता: समोर बसा, तोंड झाकू नका, किंचाळू नका. आणि वीस दिवस तो स्वतः तोंड झाकून चिवचिवत होता.

त्याने मास्क काढला आणि आवळलेला गळा सैल सोडला.

"ती मीच, तूबा खानम."

मोनीरने कपाळाला हात लावला. तूबा खानमनी त्याची हनुवटी पाहिली, मग हात, मग बराच वेळ डोळे.

"हे कधी झालं?"

"कागद आत्ता आले. मी पहिल्यापासून असाच होतो."

"तरीच! नऊ वर्षांत एकदासुद्धा भुवया कोरल्या नाहीस. मला वाटायचं, भुवया लग्नातच कोरतात आणि बिचारीचं लग्न जमत नाहीये." मग त्यांचा स्वर चढला. "पण ते फडकं कशाला बांधलं होतंस? आणि ती चिवचिव?"

"तुम्हाला धक्का बसू नये म्हणून."

"मला? अरे, नक्षा सांगणारीनं आवाज गिळला की बारा बायकांची अख्खी ओळ उसवावी लागायची. आवाज तू गिळलास आणि खापर माझ्या कानावर!" त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवली आणि रुमाल कानामागे सारला. "म्हण तुझे ते चाचणीचे शब्द. मी बघणार नाही."

"मामान, रुमाल!" मोनीर सासूला कळवळून म्हणाली. "ते काही डॉक्टर नाहीत."

"आधी तरी कुठे डॉक्टर होता? रुमाल माझा, कान माझा. गप्प बस, मला ऐकू दे."

बर्झीनने पंचवीस शब्दांची यादी घेतली. पूल. मीठ. बाग. प्रत्येक शब्द तूबा खानम कारखान्यातल्या त्या जुन्या चालीवर परत म्हणत होत्या. पहिले चार-पाच शब्द त्याने जपून उच्चारले. दहाव्या शब्दापर्यंत आवाज पोटातून येऊ लागला. हा आवाज त्याने आजवर फक्त घरी, दार लावून पूर्ण सोडला होता. त्या आवाजाने ती बुटकी खोली भरून गेली, आणि समोरची बाई त्याच्याकडे न पाहता त्यातला शब्द न् शब्द उचलत होती. अठरावा शब्द म्हणताना त्याची मान आपोआप वर झाली होती.

सोतूदेंनी कागद हातात घेतला. "पंचवीसपैकी एकवीस? वसंतात सतरा होते."

"कान सुधारलेला नाही, डॉक्टर." बर्झीनने तळाशी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. वाचणाऱ्याचा आवाज बदलला आहे. आधीच्या आकड्यांशी तुलना करू नये.

डॉक्टरांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. "आणि मी पाच मशिनं उघडून बसलो. हे मला सुचायला हवं होतं."

"मलाही."

"शनिवारी माझी बहीण येईल," तूबा खानम डोक्यावरून घेतलेली चादर सावरत म्हणाल्या. "तिला याच्यासमोरच बसवा. तुमचं बोलणं मला कधीच धड कळलं नाही, डॉक्टर. मिशी ओठांवर येते तुमच्या."

सोतूदेंचा हात मिशीकडे गेला. मोनीरला हसू आवरेना. सासूचा दंड धरून ती त्यांना बाहेर घेऊन गेली.

"साचे दुपारी कर," जरा वेळाने डॉक्टर म्हणाले. "सकाळी याच खुर्चीत बस. त्या पाच जणांना फोन करून मी समजावतो."

"नको. मीच करतो."

पहिला नंबर एका निवृत्त तांबटाचा होता. पाच मशिनांत सर्वांत आधी त्याचंच परत आलं होतं, शिव्यांसकट.

"कोण?" पलीकडून तो ओरडला.

"बर्झीन नतंझी. नऊ वर्षं तुमच्या कानाचं काम मी करतोय. तुमचं मशीन चांगलं आहे. मी तोंड झाकून बोलत होतो."

बर्झीनने फोन सरळ धरला आणि वाट पाहिली.

"मग ओरडायला कशाला लावलंत इतके दिवस?" तांबट म्हणाला. "किती वाजता येऊ?"