बोलावल्याशिवाय काट्यावर नाही

चहा गरम असतानाच संपला, तेव्हा कुठे सिस्टरला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

गेल्या चार वर्षांत त्या खोलीत तिचा चहा कधी गरम संपला नव्हता. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या भिंतीला लागून, जेमतेम दोन टेबलं मावतील एवढी ती खोली. एका टेबलावर तिचा स्क्रीन, दुसऱ्यावर बिलं करणारा माणूस. त्याला सगळे बिलवालाच म्हणत. स्क्रीनवर एकशे बेचाळीस पेशंटांची नावं होती. हे सगळे आपापल्या घरी असत. कुणाकडे रक्तदाबाचं यंत्र, तर हृदय कमजोर असलेल्यांकडे वजनकाटा. सकाळी काट्यावर उभं राहिलं की आकडा थेट इथे उमटायचा. अशा पेशंटचं वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं, तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. आणि ते आधी पायांत, मग फुप्फुसांत उतरतं. आकडा असा चढला की स्क्रीनवर घंटा वाजे.

या पाळतीचे पैसे विमा कंपनी देई, पण अट होती. महिन्यात किमान सोळा दिवस नोंद आली पाहिजे. पंधरा आल्या, तर दमडीही नाही. म्हणून बिलवाल्याने नावांना रंग लावून घेतले होते: सोळा भरेपर्यंत लाल, भरले की हिरवं. सिस्टर रोज सकाळी लाल नावांपैकी नोंद न आलेल्यांना फोन करत सुटे. चहावर साय धरे.

या महिन्यापासून नियम बदलला. दोन दिवस नोंद आली तरी बिल निघणार होतं. दरमहा वीस मिनिटं पेशंटशी बोलण्याची अट होती, तीही दहावर आली होती.

"सिस्टर, देव पावला!" बिलवाला खुर्चीतून उठलाच होता. "सोळाच्या जागी दोन टाकतो. टाकू ना?"

"टाक बाबा. माझा कान तरी सुटेल."

तिसऱ्या तारखेला जवळजवळ सगळा स्क्रीन हिरवागार झाला होता. आज आठ तारीख. पाच दिवस तिने जुन्या फायली लावल्या, कपाट आवरलं, बिलवाल्याचे विनोद ऐकून घेतले. आणि आज कप खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं, की काटेकाकांचा आवाज कितीतरी दिवसांत कानावर पडला नाही.

काटेकाका म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर तेहतीस वर्षं काढलेला माणूस. लाल यादीत त्यांचं नाव असायचंच; सोळा भरून ते हिरवं झालं, तरी बाकीच्यांना फोन करण्याच्या ओघात ती त्यांनाही लावायचीच. फोन केला की पलीकडून ऐकू यायचं, "आलो, सिस्टरबाई! रिकामी गाडी, अठ्ठावन्न किलो. चपला वजा करून घ्या." एकदा ती चिडली होती. "काका, मी फोन करेपर्यंत थांबता कशाला? उठल्याबरोबर उभं राहायचं."

"असं कसं? बोलावल्याशिवाय गाडी काट्यावर चढवायची नाही, हा नियम आहे. तेहतीस वर्षांत एकाही ड्रायव्हरला चढू दिलं नाही, आता मीच मोडू?"

तिने हसून सोडून दिलं होतं. फोन तर रोज करायचाच होता.

तिने त्यांचं पान उघडलं. एक तारीख: अठ्ठावन्न पूर्णांक दोन. दोन तारीख: एकोणसाठ. पुढे काहीच नाही. सहा रिकामे चौकोन आणि वर ठसठशीत हिरवं नाव.

आकडा चढला तर घंटा वाजते; आकडाच आला नाही, तर घंटा वाजवणार कोण? ते काम लाल रंग करत होता. तो तिने स्वतःच्या तोंडाने पुसायला सांगितला होता.

फोन काकूंनी उचलला. आवाज अगदी दबका. "हळू बोला हं, आत्ताच डोळा लागलाय. तीन रात्री खुर्चीतच बसून काढल्या. आडवं झालं की धाप लागते म्हणतात. पायात चप्पल शिरेना."

"अहो काकू, मला कळवलं का नाही?"

"मी म्हटलं, करू या फोन. तर म्हणाले, सिस्टरबाई रोज फोन करते, आता करत नाही, म्हणजे तिला तिथे सगळं ठीक दिसतंय. ठीक नसतं तर तिने सोडलं असतं का?"

दुसऱ्या हाताने सिस्टर बिलवाल्याच्या टेबलावर थापा मारत होती. त्याने वर पाहिलं. "ॲम्ब्युलन्स," ती म्हणाली. "काटेकाकांकडे. आत्ता."

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग ओलसर, घरघरता श्वास. "कोण, सिस्टरबाई? बोलावलंत एकदाचं! आलो, आलो."

"काका, उठू नका! वजन नको, बसून राहा! काकू, धरा त्यांना!"

पण तेहतीस वर्षांची सवय. स्क्रीनवर आकडा उमटला: चौसष्ट पूर्णांक सहा. खोलीत घंटा घणघणली. फोनमधून आवाज आला, "गाडी भरलीय, सिस्टरबाई. काही न घालता कशी भरली?" आणि धप्पकन काहीतरी बसलं की पडलं, ते कळलं नाही. काकू किंचाळल्या.

"खुर्चीत बसवा! पाय खाली सोडा! खिडकी उघडा, दार उघडून ठेवा!" ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येईपर्यंत ती बोलत राहिली.

दुपारी मोठ्या इस्पितळातून डॉक्टरांचा निरोप आला. फुप्फुसं पाण्याने भरली होती. मास्क लावलाय, लघवीवाटे पाणी उतरू लागलंय, वाचतील. आजची रात्र घरी काढली असती, तर वेगळाच निरोप द्यावा लागला असता.

बिलवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "त्यांचं बिल दोन तारखेलाच पूर्ण झालंय, सिस्टर. आणि आजचा तुमचा फोन अकरा मिनिटांचा, म्हणजे बोलण्याचंसुद्धा..." मग स्वतःचंच बोलणं त्याला सोसेना.

"रंग काढ," ती म्हणाली.

"परत सोळा करू?"

"बिलाचा आकडा तुझ्याकडे ठेव, हवा तेवढा. माझ्या स्क्रीनवरचे रंग काढ. आणि शेवटची नोंद कधी आली, त्या क्रमाने नावं लाव. सगळ्यात जुनी वर."

त्याने दोन-तीन कळा दाबल्या. हिरवं सगळं गेलं. पांढऱ्यावर काळी नावं सरसर वरखाली होऊन जागच्या जागी थांबली. दोघं आ वासून बघत राहिली.

दोन तारखेनंतर एकही नोंद न आलेली एकतीस नावं होती. पहिल्या तिघांकडे वजनकाटा होता.

बिलवाल्याने न सांगता आपली खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि दुसरा फोन जवळ घेतला. "मी खालून सुरू करतो," तो म्हणाला.

सिस्टरने पहिला नंबर लावला. रिंग जात होती. अजून जात होती.