दुसरा मिसकॉल

मी घोंगडी. काळ्या लोकरीची, धनगराच्या घरची. सध्या माझा मुक्काम जुळे सोलापुरातल्या एका भाड्याच्या खोलीत आहे. आम्हाला काही कळत नाही असं माणसं धरून चालतात, आणि ते बरंच आहे. नाहीतर माझ्यासमोर कोणी इतकं मोकळं बोललं नसतं. आज मी तुमच्याशी बोलतेय. या खोलीतल्या माणसांना हे ऐकवायची माझी छाती नाही.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून दचकायला नको. माझ्यावर एक म्हातारा बसलेला असतो. त्याला जाऊन चार वर्षं होऊन गेली. तो बोलत नाही, त्रास देत नाही. दिवस कलायला लागला की त्याचं वजन मला जाणवतं, एवढंच. त्याचं नाव मायाप्पा. मी त्याचीच.

सांगोल्याच्या बाजूला त्यांचं गाव. पावसाची वाट बघण्यात जन्म घालवावा असा तो मुलूख. मायाप्पाच्याच मेंढ्यांची लोकर, ती कातली त्याच्या बायकोनं, केराबाईनं, आणि विणली सिद्रामप्पा सणगरानं. चिंचोक्याची खळ खाऊन मी अशी कडक झाले होते की पहिल्या दिवशी मायाप्पाच्या मानेला ओरखडे उठले. तो हसून म्हणाला, "टोचू दे की. टोचंल तीच खरी." माझा स्वभाव तेव्हापासून तसाच आहे. मऊ बोलणं मला जमत नाही.

मग आमचं फिरणं सुरू झालं. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं, माढ्याकडच्या, टेंभुर्णीकडच्या रिकाम्या रानांत मेंढ्या बसवायच्या. रानाला खत मिळायचं, आम्हाला धान्य. रात्री अंगावर मी, दुपारी अंगाखाली मी. म्हाताऱ्याच्या अंगाला मेंढीचा, तंबाखूचा आणि घामाचा वास होता. तो मला अजून आहे आणि धुवून जात नाही.

त्यांचा एकुलता एक लेक अजिनाथ. त्याचं मन मेंढ्यांत नव्हतं. बारावी झाला आणि सोलापूरच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून लागला. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, सरांना पाणी द्यायचं. पुढं लग्न झालं. त्याची बायको राजनंदिनी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. एक दिवस प्राचार्यांनी त्याला सांगितलं, पदवी घे, क्लार्कची जागा निघाली की तुझं नाव पुढं पाठवता येईल. त्याच कॉलेजात रविवारी नोकरी करणाऱ्यांसाठी बी. ए.चे वर्ग भरायचे. अजिनाथनं नाव घातलं. सोमवार ते शनिवार जो वर्ग झाडून काढायचा, रविवारी त्याच वर्गात बाकावर बसायचा. शेजारी एसटीतला कंडक्टर युवराज, पुढं दवाखान्यातल्या दोन नर्सबाई. पस्तिशी उलटलेली माणसं, आठवड्याचा शीण डोळ्यांवर घेऊन बसलेली. युवराज तर सर बोलायला लागले की डुलक्या घ्यायचा.

हे मला कसं ठाऊक? म्हातारा फोन मोठ्या आवाजात लावून बोलायचा. अख्ख्या रानाला अजिनाथची हजेरी कळायची.

"माजं पोरगं कालिजात हाय," तो रानमालकांना सांगायचा.

"शिपाई हाय न्हवं?" एखादा खवचट विचारायचाच.

"शिपाई बी हाय अन् इद्यार्थी बी हाय," म्हातारा म्हणायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. असा आनंद मी त्याच्या तोंडावर कोकरं झाल्यावरही बघितला नव्हता.

मायाप्पाला अक्षर येत नव्हतं. अजिनाथनं त्याच्या बटणाच्या फोनमध्ये अशी सोय केली होती की एक बटण दाबून धरलं की सरळ त्यालाच लागावं. दुसरा नंबर म्हाताऱ्याला लावताच येत नव्हता. बोलायचं नसेल तेव्हा मिसकॉल. त्यांचं ठरलेलं होतं: एक मिसकॉल म्हणजे आम्ही बरे आहोत, पाठोपाठ दोन म्हणजे असशील तिथून निघून ये. रोज दिवस मावळताना एक जायचा. दोन कधी गेले नव्हते. फोन बंद असला तरी चालू केल्यावर किती आले ते कळतं, हेही अजिनाथनं त्याला नीट समजावलं होतं. ते समजावलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटतं.

अजिनाथ तिसऱ्या वर्षाला होता. मे महिना, परीक्षा चालू. आम्ही माढ्याकडच्या एका रानात होतो. केराबाई कळशी घेऊन लांबच्या बोअरवर पाण्याला गेली होती. ऊन असं की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभ्या होत्या. बाभळीखाली मला अंथरून म्हातारा बसला आणि त्यानं छातीला हात लावला.

घाम मी ओळखते. तो कामाचा घाम नव्हता, गार होता.

त्यानं फोन काढला, बटण दाबून धरलं. आतून बाई बोलली की फोन बंद आहे. म्हाताऱ्यानं फोन कानापासून लांब धरला आणि पुन्हा बटणावर अंगठा ठेवला. अंगठा तसाच राहिला. मग तो स्वतःशीच बोलला. मी त्यातला शब्द न् शब्द सांगते, कारण ते ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

"आज पेपर हाय की त्येचा. परवाला अजून एक हाय. दोन बगितलं की पोरगं समदं टाकून पळत यील. पडतो वाईच. बरं वाटंल."

आणि हाताला पुन्हा मोह नको म्हणून त्यानं फोन माझ्या घडीत, पाठीखाली खोल सारला. मग तो आडवा झाला. मी जेवढी सावली धरता येईल तेवढी धरली असती, पण मी त्याच्या खाली होते.

केराबाई आली तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं कळशी खाली ठेवली, त्याच्या बंडीचा खिसा चाचपला. फोन नेहमी तिथं असायचा. नव्हता. मग तिचा हात माझ्या घडीत शिरला आणि फोन हाती लागला. ती तो घेऊन उभी राहिली. चाळीस वर्षं त्याच्यासोबत चाललेली बाई. फोन तिथं का दडवला हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. रानमालकाची माणसं धावत येताना दिसली तसा तिनं तो पुसला आणि परत बंडीच्या खिशात घातला. हे मी पाहिलं. आजपर्यंत तिनं ते कोणाला सांगितलेलं नाही.

तिकडचं मी पुढं या खोलीत ऐकलं. सोलापुरात पेपर सुटला. अजिनाथनं फोन चालू केला. एक मिसकॉल. त्याला नवल वाटलं, कारण दुपारी कधी यायचा नाही. त्यानं उलट फोन लावला तर उचलला नाही. युवराज म्हणाला, "एकच हाय न्हवं? मंग मेंढ्यामागं असतील. चल, भजी खाऊ." दोघांनी भजी खाल्ली, चहा घेतला, परवाच्या पेपरचं बोलले. निरोप पोचला तेव्हा अजिनाथच्या हाताला अजून तेल होतं.

परवाचा पेपर राहिला, हे सांगायला नकोच. तो एवढा एकच विषय राहिला. पुढच्या वर्षी तो द्यायला गेला आणि अर्ध्या तासात उठून आला. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच, त्याच्याही पुढच्या वर्षी तसंच. अडून राहिलेल्या कामाला माणसं भिजत घोंगडं म्हणतात. आमच्या जातीची ती उगाच बदनामी आहे, पण अजिनाथच्या पदवीचं तेच झालं होतं खरं.

मेंढ्या विकल्या गेल्या आणि मी या खोलीत आले, पत्र्याच्या पेटीवर. त्यांच्या घराण्यात रीत आहे: गेलेल्याची घोंगडी वापरात घ्यायची तर आधी लेकानं तिच्यावर बसून दोन घास खायचे, म्हणजे गेलेला माणूस उठून वाटेला लागतो. अजिनाथ बसला नाही. "मी बसायच्या लायकीचा न्हाय," म्हणाला. मग कोण बसणार? म्हातारा बसून राहिला.

राजनंदिनीला तो वास यायचा. संध्याकाळी कारखान्यातून आली की दारातच थबकायची आणि म्हणायची, "आवो, हितं कोन तरी बसल्यावानी वाटतंय." अजिनाथ त्या वेळी मुद्दाम बाहेर जायचा. त्याचा फोन कायम हातात. आंघोळीला जातानाही बाहेर ठेवायचा नाही, कॉलेजात तास चालू असला तरी बंद करायचा नाही. प्राचार्य रागावले तरी नाही. एकदा तिनं त्याला खोदून विचारलं, पेपर का लिहीत नाही. तो म्हणाला, "हालमदी गेलं की फोन बंद करून द्यावा लागतो. फोन बंद झाला की माजा हात बी बंद हुतो. वाटतं, आत्ता दुसरा आला आसंल."

चार वर्षं त्याच एका प्रश्नानं त्याला पोखरलं. बापाला तो आण्णा म्हणायचा. आण्णा तेव्हा बरे होते की मला बोलवत होते? उत्तर दोघींना ठाऊक होतं. एक केराबाई, एक मी.

यंदा त्याची शेवटची संधी होती. विषय सुटला नाही तर नोंदणी संपणार, पुन्हा पहिल्या वर्षापासून सगळं. कॉलेजातले जुने क्लार्क पावसाळ्यात निवृत्त होणार होते. केराबाई गावाहून मुद्दाम आली. पेपरच्या दिवशी सकाळी अजिनाथ कपडे घालून, हॉलतिकीट खिशात घालून उंबऱ्यात बसला आणि तिथंच बसून राहिला.

"मी न्हाय जात," तो म्हणाला. "उगं जाऊन बसायचं अन् उठून यायचं."

"आवो, असं काय करता," राजनंदिनी रडकुंडीला आली. "म्होरं परत संधी न्हाय."

"न्हाय तर न्हाय. शिपाई म्हनून मरतो की."

केराबाई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, पेटीपाशी आली आणि मला उचललं. चार वर्षांनी मला तिचा हात लागला. तिनं मला झटकलं, फरशीवर अंथरलं आणि माझ्यावर बसली. शपथेवर सांगते, म्हातारा बाजूला सरकला.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. धनगराचा न्यायनिवाडा घोंगडीवर होतो. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नसतं. बोललं तर मेल्यावर आपली माणसं आपल्याला भेटत नाहीत, असं ही माणसं मानतात. नुसती मानत नाहीत, त्याला भितात. या भीतीनं भावकीतली मोठमोठी भांडणं मिटलेली मी ऐकली आहेत.

"हिकडं ये," केराबाई म्हणाली. "त्या दिवशीचं सांगते. तुज्या आण्णानी सकाळीच मला सांगून ठिवलं हुतं. म्हनले, आज मिसकॉल दुपारीच देऊन ठिवतो. पोराचा पेपर सुटला की त्येला दिसंल, अन् परवाच्या पेपराला निवांत बसंल. मी पान्याला निगाले तवा चांगले बोलत हुते. बरं हुतं त्येंचं. झोपेतच गेले."

अजिनाथनं मान वर केली. "आई, तू कवा बोलली न्हाईस त्ये."

"तू इचारलंस कवा?"

"घोंगडीवर बसून सांगतीयास?"

"बसूनच सांगतीय की. दिसंना व्हय तुला?"

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पण तिचा एक हात माझ्यावर टेकलेला होता, आणि त्या हातानं माझी लोकर अशी आवळून धरली होती की धागा तुटायला आला. अजिनाथला तो हात दिसला नाही. तो येऊन माझ्यावर, तिच्या मांडीशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. केराबाईनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला, मग दुसरा. तोंड पुसून तो उठला. फोन बंद करून आईच्या हातात दिला आणि गेला.

तो जिना उतरल्यावर केराबाईनं शेजारी बघितलं. तिथं कोणी नव्हतं, म्हणजे दिसण्यासारखं नव्हतं.

"ऐकलंसा न्हवं?" ती हळूच म्हणाली. "आता तितं तुमची माजी गाठ न्हाय. माजं काय व्हायचं ते हू दे. पोराला लिवू दे."

राजनंदिनी चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "आत्या, कुनाशी बोलताय?" केराबाई म्हणाली, "कुनाशी न्हाय गं, भाकर करपली बग."

अजिनाथ पास झाला. पावसाळ्यात त्याला क्लार्कची खुर्ची मिळाली. आता रविवारी तो नव्या विद्यार्थ्यांना वर्ग दाखवतो, आणि कोणी हातपाय गाळले की त्याला आपल्या आण्णांचं सांगतो: कसा त्यांनी पेपर चांगला जावा म्हणून भर दुपारी मिसकॉल दिला होता. घरी तो माझ्यावर बसून वाचतो. एम. ए. करायचं म्हणतो. केराबाई इथंच राहते, पण माझ्यावर बसत नाही. कितीही गारठा असो, उघड्या फरशीवर बसते. अजिनाथ म्हणतो, "आई, घोंगडीवर बस की." ती म्हणते, "मला टोचतीय."

लेक बसला, जेवला, तेव्हा रीतीप्रमाणं म्हाताऱ्यानं आता जायला हवं होतं. मीही वाट पाहिली. तो गेला नाही. उन्हं उतरली की त्याचं वजन येतंच, आणि मला कळतं की तो जायला निघाल्यासारखा दाराकडं तोंड करून बसलेला नाही, फरशीवर बसलेल्या केराबाईकडं बघत बसलेला आहे.

बरेच दिवस मला त्याचा अर्थ लागत नव्हता. आता लागला आहे. म्हणून तुमच्याकडं माझ्या दोन मागण्या आहेत. तुम्ही कधी त्या कॉलेजात गेलात आणि ऑफिसात अजिनाथ भेटला, तर माझ्याकडून ऐकलेलं त्याला सांगू नका. आणि राजनंदिनीला एवढं सुचवा की म्हातारी आहे तोवर मला कोणाला देऊन टाकू नये. तिकडं गेल्यावर त्यांची गाठ पडणार नाही, हे म्हाताऱ्यानं ऐकलंय. तेव्हा ती आहे तोवर तो इथंच बसणार आहे.