हौसाकाकीच्या कळशीवर पडलेली काठी

मित्रांनो, मी चिव्याची एक जुनी काठी. चिवा म्हणजे भरीव बांबू, सहजी मोडत नाही. भागोजीदादांनी मला बेटातून तोडलं, तासलं, तेल पाजलं आणि मी त्यांची झाले. चिपळूणच्या वरच्या अंगाला आमची वाडी. दादा तिचे गावकार, म्हणजे पुढारी.

एका पावसात वाडीवरच्या डोंगराला भेग पडली. मला दारोदार आपटत दादांनी सगळ्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी चार घरं गाडली गेली, पण माणूस एकही दगावलं नाही. तेव्हा लोक दादांच्या पाया पडत आणि मलाही हात लावत.

कौतुक चार दिवसांचं. सरकारनं कबूल केलेली नवी घरं रखडली. पत्र्याच्या शेडीत चार वर्षं गेली, पाणीही टँकरचं. सगळं खापर दादांच्या माथी. ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत, त्यांच्याबरोबर मीही झिजले. कुणी भेगेखालच्या घरी परत निघालं की ते वाट अडवत.

एकदा भरलेली कळशी घेऊन हौसाकाकी जुन्या घराकडं निघाली. "कशाला आनलास आमाला हिकडं? मेलो असतो तरी आपल्या घरात मेलो असतो!"

दादांचा तोल सुटला. "जा, मरा सगली!" म्हणत त्यांनी मला तिच्या कळशीवर दोनदा हाणलं. कळशीला पोचा आला, पाणी सांडलं. काकी गेली नाही, पण त्यानंतर दादांशी कुणी बोलेना. मी तेव्हाच मोडायला हवं होतं. अजून लाज वाटते.

शेडीतल्या शाळेच्या मालिनीबाई समजूत घालायला आल्या. इब्री म्हणजे ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातल्या मोशेची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यानं गुलामीतून सोडवलेले लोक वाळवंटात त्याच्यावरच उलटत, 'तिकडंच बरे होतो' म्हणत. तरी तो त्यांच्यासाठी देवापाशी रदबदली करी. "तोसुद्धा एकदा चिडला, दादा. पाण्यासाठी खडकाशी नुसतं बोल, असं देवानं सांगितलं होतं; त्यानं रागानं खडकावर दोनदा काठी मारली."

"मग?"

बाई अडखळल्या. "देवानं त्याला नव्या भूमीत जाऊ दिलं नाही. लांबूनच पाहिली त्यानं."

"बराबर हाय," दादा म्हणाले.

यंदा घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सगळे गेले, दादा मागं राहिले. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी त्यांना बोलावेल.

गृहप्रवेशाच्या सकाळी दादांनी रिकाम्या शेडीपुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गावकारानं देवाला विनवायचं आणि साऱ्या वाडीनं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमची रीत. "बा देवा म्हाराजा, हौसाच्या घरात पानी भरपूर येऊ दे..." एकेक नाव घेऊन ते थांबत. साद द्यायला कुणीच नव्हतं, आणि काठीला तोंड नसतं. साऱ्या घरांची नावं त्यांनी घेतली. स्वतःच्या घराचं तेवढं घेतलं नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी पुढं चालणाऱ्याशी भांडा हवं तर, पण नव्या घरात शिरताना त्याला एक हाक मारा. दादा अजून शेडीतच आहेत. माझ्यावर दोन्ही हात टेकून वाटेकडे बघत बसतात.