गेले चौसष्ट, आले चौसष्ट

माणसं मोजणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आमच्या खिडकीत येऊन बसावं. कडेवरचं पोर मोजायचं की नाही? ड्रायव्हरची मेहुणी फुकट बसली तर ती प्रवासी की पाहुणी? पस्तीस वर्षं बेळगावात पोरांना गणित शिकवलं, पण इतकी डोकेफोड मला फळ्यासमोर कधी करावी लागली नाही.

निपाणीबाहेर दगडाच्या खाणीपर्यंत जाणारी सात किलोमीटरची छोटी रेल्वे आहे. खाण कधीच बंद पडली, रूळ राहिले. आम्ही काही हौशी मंडळींनी ती पुन्हा सुरू केली. शनिवार-रविवारी अकराला गाडी सुटते, खाणीवर पाऊण तास थांबते, लोक भडंग खातात, इंजिनाला टेकून फोटो काढतात आणि दीडला परत. तिकीट खिडकी आणि नोंदवही माझ्याकडे. मी चिंतामणी, पण तिथं सगळे 'सर' म्हणतात. अनगोळहून पहिल्या बसनं येतो. पगार नाही, मान आहे. होता, म्हणा.

असल्या हौशी रेल्वे माणसं मोजत नाहीत, फेऱ्या मोजतात. जाऊन आलेला एक माणूस म्हणजे दोन प्रवास. यात खोटं काही नाही. खोटं पुढेच आहे. वहीत दोन रकाने आहेत, 'गेले' आणि 'आले'. 'आले'चा रकाना गाडी परतल्यावर फलाटावर डोकी मोजून भरायचा. पहिले दोन महिने मी इमानदारीत भरला. पण खाणीपासून अर्ध्या तासावर हायवे आहे. बरेच लोक तिकडूनच चालत जाऊन कोल्हापूरची बस धरतात. चौसष्ट गेले की पन्नास यायचे. आकडा काही वर चढेना.

आमचे सेक्रेटरी आशुतोष वकील म्हणाले, "सर, तिकीट परतीचंच विकलंय ना? मग तो आला." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला दुपारी उन्हात उभं राहून डोकी मोजायचा कंटाळा आला होता. तेव्हापासून गाडी सुटली की मी दोन्ही रकाने एकदमच भरून टाकतो.

वर्षाला दहा हजार प्रवास झाले तर सरकारी वारसा यादीत नाव लागणार होतं. मार्चच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आकडा होता नऊ हजार आठशे सहा. वह्या तपासायला बेंगळुरूहून नागेंद्र नावाचे साहेब त्याच दिवशी यायचे होते. मी नवा शर्ट घातला होता.

त्या गाडीचं शेवटचं तिकीट मष्णूनं घेतलं. सत्तरीच्या पुढचा, काटकुळा, कडोलीहून निपाणीला लेकीकडे आलेला. लेक पूर्णिमा तंबाखूच्या वखारीत कारकून होती. ती त्याला सोडून तशीच कामाला गेली. रांग संपली होती, म्हणून तो खिडकीला रेलून बोलत बसला.

"सर, मी ह्याच खाणीवर डबं भरत हुतो. सतरा वर्साचा हुतो तवा. खडीचं शेड हाय का वं अजून?"

"आहे. पडायला झालंय."

"बगून येतो. तितं माजं नाव कोरल्यालं हाय भितीवर."

"तुमचं नाव बघायला गाडी थांबणार नाही, आप्पा," मी म्हणालो. तो मनापासून हसला. मला माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं.

गाडी सुटली. मी लिहिलं : गेले चौसष्ट, आले चौसष्ट.

दीडला गाडी परत आली तेव्हा नागेंद्रसाहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून वह्या चाळत होते. आमचा गार्ड आण्णाप्पा खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, त्यो म्हातारा दिसला न्हाय गाडीत."

"हायवेला गेला असेल," मी म्हणालो आणि डोळ्यानंच त्याला पिटाळलं.

साडेचारला पूर्णिमा आली. अंगावर अजून वखारीचा वास, हातात वडिलांचा मोबाईल. तो घरीच चार्जिंगला राहिला होता.

"सर, आमचं आप्पा घरला आलं न्हाईत. तुमच्या गाडीनं आलतं का परत?"

साहेब समोर. पुढ्यात वही उघडी. मला शेड आठवलं, भिंतीवरचं नाव आठवलं. तोंडाशी आलं होतं. पण 'परत आले नाहीत' एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर साहेबांनी विचारलं असतं, मग इथं चौसष्ट कसे? आणि वर्षभराच्या वह्या उलटून-पालटून बघितल्या असत्या. मी वही तिच्याकडे फिरवली.

"हे बघा. गेले चौसष्ट, आले चौसष्ट. इथं उतरून गेले असतील बाजारात."

साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, काय म्हणतात बाई? मी कन्नडमध्ये सांगितलं की वडील हरवलेत, पण ते आमच्या गाडीनं परत आलेत, नोंद आहे. पूर्णिमाला कन्नड मराठीइतकंच येतं. दोन भाषांत एकच गोष्ट ऐकल्यावर तिचा विश्वास बसला. साहेब हळहळले आणि तिला म्हणाले, बस स्टँडवर बघा. ती पळतच गेली.

साहेबांनी वहीवर सही केली. व्यवस्थित नोंदी ठेवता म्हणून माझं कौतुक केलं. मला आनंद झाला. हे लपवून उपयोग नाही, झालाच.

रात्री अनगोळला जेवताना मी बायकोला, वसुधाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता फोन करा त्या मुलीला." मी म्हटलं, "म्हातारा केव्हाच बसनं कडोलीला गेला असेल." तिनं ताट उचललं आणि आत निघून गेली.

रविवारी निपाणीला उतरलो तर स्टँडच्या खांबांवर मष्णूचा फोटो. पूर्णिमा आणि तिचा नवरा कोल्हापूरच्या बसमध्ये चढून एकेकाला विचारत होते. पोलिसांनी माझ्या वहीच्या पानाचा फोटो नेला होता आणि त्यामुळे शोध सगळा गावात चालला होता. खाणीकडे कोण कशाला जाईल? तिथून तर तो परत आला होता.

त्या दिवशीही गाडी गेली. साठ माणसं, शिवाय पाहुणे म्हणून साहेब. शेड फलाटापासून तीनशे पावलांवर. आण्णाप्पाला मी नुसतं म्हटलं असतं, शेडकडे एक नजर टाक, तरी पुरलं असतं. पण तो म्हणाला असता, का? मग वहीत तो आलाय कसा? त्यानं हिरवा झेंडा दाखवला आणि मी वही उघडली. गेले साठ, आले साठ. दहा हजार चोपन्न. आशुतोष वकिलांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

सोमवारी सकाळी खाणीजवळ शेळ्या राखणाऱ्या जयाबाईची शेळी खडीच्या खड्ड्याच्या काठाशी उभी राहून हलेना, म्हणून जयाबाई बघायला गेली. शेडच्या आत, डबे भरायच्या जागेखाली खोल खड्डा आहे, वर गवत माजलेलं. मष्णू त्यात पडला होता. कमरेचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, रविवारी संध्याकाळपर्यंत जीव होता. म्हणजे आमची साठ माणसं भडंग खात होती तेव्हा तो खाली होता. हाक मारली असणार. ड्रायव्हर ज्योतिबा पोरांच्या हौसेखातर शिट्टीवर शिट्टी वाजवतो, त्यात कुणाला काय ऐकू येणार?

खाणीपर्यंत गाडीरस्ता नाही. म्हणून सोमवार असूनही ज्योतिबानं इंजिन काढलं, एक डबा जोडला आणि प्रेत आणलं. पूर्णिमा त्याच डब्यात बापाचं डोकं मांडीवर घेऊन आली. फलाटावर मी आणि आशुतोष वकील उभे होतो. प्रेत उतरवून नेल्यावर ती मागे थांबली आणि थेट माझ्याकडे आली.

"सर, वहीत आप्पा आलं म्हणून तुमीच लिवलंसा न्हवं?"

"हो."

"त्येंनी तुमाला सांगितलं हुतं, शेड बगायला जातो म्हणून?"

वकिलांनी माझा हात दाबला.

"मी दोन दिवस स्टँडवर हुडकत हुतो सर. तुमी आल्यात म्हटलासा म्हणून. आता तेवडं खोडा. माझा आप्पा आल्याला न्हवता. एवडं तरी लिवा."

एक आकडा खोडायचा होता. तो खोडला तरी दहा हजार त्रेपन्न उरत होते. मंडळाचं नाव यादीत लागलंच असतं. पण एक खोडला की बाकीचे का नाही, हे विचारणारं कुणीतरी भेटलंच असतं. वकील पुढे झाले.

"ताई, वही तपासून सही झाली आहे. आणि चुकीचं काय आहे त्यात? परतीचं तिकीट होतं आणि ते परत आले. आमच्याच गाडीनं आले."

पूर्णिमानं वकिलांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी शिक्षक होतो, म्हाताऱ्याशी हसून बोललो होतो, मी तरी 'नाही' म्हणेन असं तिला वाटलं असावं.

"व्हय सर?" तिनं विचारलं.

मला लाज वाटत होती. आणि मी म्हणालो, "हो. नोंद बरोबर आहे."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याच्या मागून चालत गेली.

पोलिसांनी अपघात म्हणून कागद केले. खड्ड्यावर आम्ही फळ्या टाकल्या. यादीत नाव लागलं. वसुधा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. वार्षिक अहवाल परवाच छापून आला, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर इंजिन. प्रवास : दहा हजार चोपन्न. मष्णू त्यात दोनदा मोजलेला आहे.