शेवाळ उतरलं तेव्हा

मी एक जुना दगड आहे. चीनमधल्या सूचौ शहरात, थाओ घराण्याच्या बागेत, पांढऱ्या भिंतीसमोर मी नव्वद वर्षं उभा होतो. आता तिथे नाही. मित्रांनो, त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझ्या छातीत धस्स होतं. दगडाला छाती नसते, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म थाय सरोवरातल्या बेटावर झाला. रुआन आजोबा नावाच्या पाथरवटाने मला खडकातून काढलं, छिन्नीने अंगाला भोकं पाडली आणि खोल पाण्यात सोडून दिलं. तिकडे याला ‘दगड लावणं’ म्हणतात. झाड लावावं तसं. पुढचं काम लाटांचं. आजोबांच्या बायकोने विचारलं, “वर कधी काढणार?”

“मी कशाला काढतोय? नातू काढील.”

झालंही तसंच. साठ वर्षांनी नातवाने दोर बांधून मला वर ओढलं. आजोबा तेव्हा नव्हते.

थाओंची बाग त्या वेळी आकाराला येत होती. तळं खणलं होतं, त्याच मातीची टेकडी केली होती, वळणावळणाची पडवी बांधली होती. शेवटी मी आलो. विकणाऱ्याने सांगितलं तेच थोरले मालक पाहुण्यांना सांगत, “याला माणसाचा हात लागलेला नाही. आभाळानेच घडवलाय.” मी गप्प राहिलो. दगडाला बोलता येत नाही म्हणून. आणि खरं सांगतो, स्तुती गोड लागत होती म्हणूनही.

पडवीचे खांब दोनदा बदलले. टेकडीवरचे बांबू एकदा फुलले आणि वाळून गेले. मालकांची तिसरी पिढी आली. माझी जागा तीच होती. बाग राखायला मो आजी होती. बाई मोठी अबोल. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसमासळीला शिवायची नाही. रोज सकाळी ती माझ्या अंगावर भाताचं पाणी हळूहळू ओतायची, शेवाळ धरावं म्हणून. अशी चाळीस वर्षं. माझं सारं अंग हिरव्या मखमलीने झाकून गेलं.

मग तिची सून आली, सूयिंग. सरोवराकाठची मुलगी, हाताला कामाची सवय. बाराव्या महिन्याची चोविसावी तिथी होती, वर्षअखेरच्या झाडलोटीचा दिवस. त्या संध्याकाळी चुलीचा देव स्वर्गात जातो आणि घरात काय काय घडलं ते सांगतो, म्हणून घर लख्ख हवं. सासू देवळात गेली होती. सूयिंगच्या गावी दगडांचाच धंदा; गिऱ्हाईक यायच्या आधी ते घासूनपुसून ठेवतात. तिने राखेचं पाणी केलं, बांबूचा कुंचा घेतला आणि मला घासायला बसली. भोकांतला जुना गाळही तिने खरवडून काढला. दुपारपर्यंत चाळीस वर्षं माझ्या पायाशी चिखल होऊन पडली होती. मी सुन्न झालो. अंगावरून वारा गेला तो मला ओळखूच आला नाही.

मो आजी परतली. हातातली टोपली तिने खाली ठेवली.

“काय केलंस गं हे?”

“घासला, आई. केवढा मळला होता.”

आजी पायरीवर बसली. मग तिने सुनेचे हात हातात घेतले. थंडीने बोटं फुटली होती. “जेवलीस का?” तिने विचारलं. एवढंच.

तेवढ्यात थाओ मालक एका मित्राला घेऊन आले. मला बघून दोघे जागीच थबकले. मालकांनी माझ्या भोकातून बोट फिरवलं. “या खाचा कसल्या?”

आपल्याला ठाऊक असलेलं काहीतरी विचारलं, याचाच सूयिंगला आनंद. “छिन्नीच्या, मालक. लावलेला दगड आहे ना. आत लाट पोचत नाही, तिथे खुणा राहतात. आमच्याकडचाच असेल.”

मित्र मिशीत हसला. “म्हणजे थाओ, तुमच्या आभाळाला छिन्नी चालवता येते तर.”

मालकांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. “बाई, उद्याच्या होडीने सुनेला माहेरी पाठवा. परत आणायची नाही.”

सूयिंगच्या हातातला कुंचा गळून पडला. नववर्ष आठवड्यावर आलं होतं, आणि त्याच्या आदल्या रात्री लग्न झालेल्या लेकीने माहेरचा दिवाही पाहू नये, अशी तिकडची रीत. अशा वेळी धाडलेल्या मुलीला आईसुद्धा दार उघडताना कचरते.

मो आजी उठली. आवाज नेहमीसारखाच मऊ. “मालक, पोर खोटं बोलली का?”

मालकांनी खाचेवरून बोट काढून घेतलं. मग म्हणाले, “नाही.”

“तर खरं बोलली म्हणून घालवायची. घालवते. पण आज चुलीचा देव वर जाणार आहे. या घराचं त्याने काय सांगावं, तेवढं मला सांगून ठेवा.”

मित्र तळ्याकडे बघू लागला. शेवटी मालक म्हणाले, “सून राहू दे. दगड हलवा. स्वयंपाकघरामागे.”

मित्रांनो, तिच्याऐवजी मला घालवलं. आठ माणसांनी दोर बांधून मला ओढत नेलं. त्या संध्याकाळी, देवाचं तोंड चिकटावं, वर जाऊन त्याने वाईट सांगू नये, म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या चित्राच्या ओठांना चिकट साखर लावताना आजीचं बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. “ये इकडे. देवाच्या आधी तुझ्याच तोंडाला लावायला हवी होती.” सूयिंग रडता रडता हसली. तेव्हा मला घर सुटल्याचं दुःख थोडं कमी वाटलं.

आता माझ्यावर फडकी वाळतात. खारवलेली बदकं वाळवायला टांगतात. पण मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. तोच मी, तीच भोकं. फक्त एका म्हाताऱ्याचे हात दिसले आणि नव्वद वर्षांचं प्रेम एका दुपारी आटलं. जो माणूस स्वतःला कधीच बघायला मिळणार नाही असं काम करून गेला, त्याचीच लाज वाटावी?

मित्रांनो, एखाद्या सुंदर वस्तूवर कुणाच्या कष्टाची खूण सापडली, तर तिला खोटी म्हणू नका. तिथे क्षणभर हात ठेवा. आणि कुठलीही जुनी वस्तू घासायला घेण्यापूर्वी, घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा.